कूटबद्ध संभाषणाचे मोर्तब

जुन्या मराठी राजपत्रांत मस्तकी शिक्का असे, आणि जेथे मजकूर संपे तेथे मोर्तब उठविले जाई. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे आढळतात, ती याच हेतूने. लेखनाची सीमा येथे झाली, असा त्यांचा आशय. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथील जुनी दप्तरे ज्यांनी चाळली आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको. मोर्तबाविना पत्र हाती आले तर उरलेला भाग कोठे राहिला, ही शंका साहजिकच उठते.

श्रोतेहो, दोन संगणकांमधील कूटबद्ध संभाषणातही हीच शंका उभी राहते. बँकेचा व्यवहार, शाळेचा निकाल, कचेरीतील अर्ज हे सारे आता बहुधा ‘टीएलएस’ नावाच्या पद्धतीने, वाटेत कोणास वाचता वा बदलता येऊ नये अशा रीतीने, पाठविले जाते. संगणकीय कार्यक्रमाच्या ज्या टोकातून हा मजकूर आत-बाहेर होतो, त्यास सॉकेट म्हणतात. मजकूर सुरक्षित खरा; परंतु तो ज्या ‘टीसीपी’ वाहिनीतून जातो, तिची ‘जोडणी संपली’ ही खूण मात्र उघडीच असते. वाटेतील त्रयस्थास मजकूर उकलत नाही, पण खोटी समाप्ती घडवून आणता येते. समजा, ४० नावांच्या यादीतील २५ नावे आली आणि जोडणी तुटली. आलेली प्रत्येक ओळ अस्सल असल्यामुळे घेणाऱ्यास संशय येत नाही, आणि १५ जण यादीबाहेर राहतात.

१९९५ च्या ‘एसएसएल २’ मध्ये हा दोष होता. १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘क्लोज नोटिफाय’ ही समाप्तीची सूचना आली, आणि तीही मजकुराप्रमाणेच संरक्षित. हेच या संभाषणाचे मोर्तब. त्याविना तुटलेले सत्र पुन्हा वापरू नये, असा १९९९ च्या टीएलएस १.० चा नियम होता. २००६ च्या १.१ मध्ये तो शिथिल करावा लागला, कारण पुष्कळ कार्यक्रम मोर्तब न उठविताच निघून जात. नियम वाकला तो असा!

यासाठी चाचणी हवी. एकाच यंत्रावर, १२७.०.०.१ या त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर, दोन छोटे कार्यक्रम लिहून ती करता येते. प्रमाणपत्र घरी तयार केलेले चालते. पाठविणारा मुद्दाम बेशिस्त ठेवावयाचा. एकदा तो मोर्तबासह निरोप घेईल. एकदा मोर्तब टाळून केवळ टीसीपीची समाप्ती करील. एकदा ‘रीसेट’ पाठवून जोडणी तोडील. एकदा प्रारंभीची ओळखदेख चालू असतानाच उठून जाईल. एकदा अर्धीच नोंद देईल. ‘पूर्ण’ असा शेरा फक्त पहिल्या प्रसंगी मिळावा. मजकुराची लांबी आधीच कळविलेली असून तितका मजकूर पोहोचला असेल, तर मोर्तबाची उणीव क्षम्य मानता येते; एरवी नव्हे.

लिहिणारी बाजूही तपासावी. समोरचा निघून गेल्यावर केलेले पहिले लेखन बहुधा यशस्वी झाल्यासारखे भासते आणि त्रुटी नंतरच्या लेखनास येते. एकदाच लिहून थांबणारी चाचणी त्यामुळे व्यर्थ ठरते.

साधनेही एकसारखी वागत नाहीत. पायथॉन भाषेत सॉकेट कूटबद्ध करताना वेगळे काही सांगितले नाही, तर मोर्तबाविना झालेला शेवट साधा शेवट मानला जातो. उलट २०२१ मधील ओपनएसएसएल ३.० पासून तो स्पष्ट त्रुटी म्हणून कळविला जातो; दुर्लक्षाची मुभा हवी असल्यास मागून घ्यावी लागते. हीच रीत अधिक योग्य.

तार उपटली गेली तर मात्र समाप्ती नाही, रीसेटही नाही, केवळ शांतता. लिनक्स प्रणालीत जोडणी जिवंत आहे काय, ही विचारणा मुळात बंद असते, आणि चालू केली तरी मूळ ठेवणीत पहिली विचारणा ७,२०० सेकंदांनी होते. कार्यक्रमास स्वतःची वेळमर्यादा हवी, आणि ती घड्याळ लावून तपासलेली हवी.