उंबऱ्यावरचं एक मिनिट

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या सीमेवरचं आमचं गाव. घरात कानडी, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही. सोलापूर-वाडी लोहमार्गावरचं स्टेशन आणि तुरीची बाजारपेठ, एवढीच आमची ओळख. अशा गावातून २००४ साली मी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियातल्या त्वेर या शहरी गेलो.

निघायच्या दिवशी आज्जीनं हातावर दही-साखर ठेवली. मी उंबरा ओलांडला आणि लक्षात आलं, कागदपत्रांची फाईल आतच राहिली. धावत परत आलो. आज्जी कानडीतून म्हणाली, "परत फिरलास ना? मग एक मिनिट बस, घोटभर पाणी पी, मग जा." मी घड्याळ दाखवलं. "आज्जी, गाडी काही तुझ्यासाठी थांबणार नाही!" सायन्सचा विद्यार्थी होतो ना मी! फाईल उचलली आणि निघालो. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

त्वेर हे मॉस्कोच्या वायव्येला, व्होल्गा नदीकाठचं शहर. हिवाळ्यात नदी गोठते आणि माणसं तिच्यावर बसून मासे पकडतात. आमच्या होस्टेलच्या दाराशी एक म्हातारी बाई पहाऱ्याला असत. आम्ही सगळे त्यांना बाबुश्का, म्हणजे आजी, म्हणायचो.

पहिला प्रश्न जेवणाचा. मी शाकाहारी. हे बाबुश्कांना पटेना. त्यांनी प्रेमानं सूप आणलं. "यात मांस आहे," म्हटलं, तर चमच्यानं तुकडे बाजूला काढून म्हणाल्या, "आता नाही!" पुढे ईस्टरच्या आधीचे सात आठवड्यांचे उपवास आले. त्यात कडक पाळणारी माणसं मांस, अंडी, दूधसुद्धा वर्ज्य करतात. तेव्हा त्यांना उलगडा झाला. शेजारणीला सांगू लागल्या, "या बिचाऱ्याचा उपवास वर्षभर असतो."

हळूहळू ओळखीच्या चवी सापडू लागल्या. राय धान्याची काळी, किंचित आंबट पावरोटी आमच्या ज्वारीच्या भाकरीसारखीच पोटाला आधार देणारी. घरून आलेली शेंगाचटणी मी तिच्यावर पसरून खायचो. बीटाचं बोर्श नावाचं सूप, 'ग्रेचका' नावाच्या दाण्यांचा मऊ भात, आणि सगळ्यावर चिरलेला हिरवागार शेपू. लहानपणी शेपूच्या भाजीला नाक मुरडणारा मी, बटाट्यावर शेपू पाहून गावच्या आठवणीनं कासावीस व्हायचो. पाव टाकून दिलेला मात्र बाबुश्कांना खपत नसे. लेनिनग्राडच्या वेढ्यात माणसं पावाच्या तुकड्यासाठी मेली, हे त्या पिढीच्या रक्तात होतं.

आणि मग रीतिभाती. उंबऱ्यावर हस्तांदोलन करायचं नाही, आत या किंवा बाहेर जा. घरात शिट्टी वाजवली तर पैसा उडून जातो. वाढदिवसाला फुलं विषम संख्येनं द्यायची, सम संख्येची फुलं मयताला. रिकाम्या बादल्या घेतलेली बाई समोर आली तर अपशकुन. आमच्याकडे रिकामी घागर, तिथे बादली, एवढाच फरक! परीक्षेच्या आदल्या रात्री बारा वाजता वर्गमित्र खिडकी उघडून गुणपुस्तिका बाहेर हलवत आणि 'आयत्या नशिबाला' हाका मारत. तोंडी परीक्षेत प्रश्नाची चिठ्ठी उचलावी लागते, म्हणून हा उद्योग. मी हसायचो. एकदा हळूच मीही हाक मारली, हे आज कबूल करतो.

एका सकाळी मी पुस्तक विसरलो म्हणून परत फिरलो. बाबुश्कांनी हात धरला. "परत आलास? आरशात बघ, मग जा." मी जागच्या जागी थबकलो. शब्द रशियन होते, सूर दुधनीचा होता.

व्होल्गाच्या काठी एका व्यापाऱ्याचा पुतळा आहे, अफानासी निकितिन. निकितिन म्हणजे निकिताचा मुलगा. आपल्यासारखंच तिथेही बापाचं नाव माणसाबरोबर चालतं. हा त्वेरकर पंधराव्या शतकात, १४७० च्या सुमारास, घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला पोचला. त्याची प्रवासाची टिपणं मी दुसऱ्या वर्षी वाचली. इथले लोक भात आणि खिचडी तुपाबरोबर खातात, उजव्या हातानंच जेवतात, असं तो लिहितो. पुढे नाव आलं आळंदचं. आमच्या सीमेपलीकडचं, लाडले मशायखांच्या दर्ग्याचं आळंद! तिथल्या जत्रेचं वर्णन करून तो एका पक्ष्याबद्दल सांगतो. हा पक्षी रात्री ओरडतो, आणि ज्या घरावर बसेल तिथे कुणीतरी मरतं. पक्ष्याचं नाव त्यानं दिलंय 'गुकुक'. हे आमचं घुबडच. घुबड ओरडलं की आज्जी जळतं लाकूड घेऊन अंगणात यायची. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी एक त्वेरकर आमच्या शेजारचे शकुन-अपशकुन लिहून घेत होता, आणि मी त्याच्या गावात बसून त्याच्या लोकांचे लिहीत होतो.

त्याच टिपणांत त्याची एक व्यथा आहे. त्याची पुस्तकं वाटेत लुटली गेली, त्यामुळे ईस्टर कधी, उपवास कधी, हेच त्याला कळेना. होस्टेलमध्ये माझंही तेच झालं होतं. नागपंचमी केव्हा येऊन गेली, पत्ता लागत नसे. निकितिन परत निघाला, पण त्वेरला पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेतच वारला.

तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, घरून फोन आला. आज्जी गेली. परीक्षा सुरू होत्या, तिकिटाला पैसे नव्हते, जाणं शक्य नव्हतं. मी खाली येऊन दाराशी उभा राहिलो. मला तो तांब्याच दिसत होता. बाबुश्कांनी काही विचारलं नाही. चेहरा पाहून दाराजवळच्या आरशावर रुमाल टाकला. त्यांच्याकडे घरात मृत्यू झाला की आरसा झाकतात. नवव्या दिवशी त्यांनी घरून गोड भात आणला, मनुका आणि मध घातलेला. चाळिसाव्या दिवशी 'ब्लिनी', म्हणजे पातळ घावन. ते दिवस मी मोजले नव्हते. त्यांनी मोजले होते.

आता मी डॉक्टर आहे. ताप मेंदूत गेलेलं मूल 'बाहेरचं आहे' म्हणून दोन दिवस अंगाऱ्यावर ठेवलेलं मी पाहिलंय. थंड पायरीवर बसल्यानं मूल होत नाही, असं त्वेरमध्येही मुलींना ऐकवलं जायचं. उपचाराच्या आड येणारी समजूत, मग ती कोणत्याही भाषेतली असो, मी सोडून देणार नाही. आरशात पाहिल्यानं प्रवास सुखरूप होत नाही, आणि मी पाणी प्यायलो असतो तर आज्जी जास्त जगली असती असंही नाही. पण आज्जीला तरी भविष्य कुठे कळत होतं? तिला नातवाला एक मिनिट जास्त पाहायचं होतं. ते सरळ मागता येत नाही, म्हणून माणसं शकुनाचं निमित्त करतात.

रशियात लांबच्या प्रवासाला निघताना घरातले सगळे, जाणारा आणि राहणारा, सामानाजवळ मिनिटभर गप्प बसतात. शिक्षण संपवून मी परत निघालो, तेव्हा बाबुश्का आणि मी असेच माझ्या बॅगांवर बसलो होतो. गाडीला उशीर होत होता. मी घड्याळ पाहिलं नाही. उठताना त्या म्हणाल्या, "दो स्विदानिया." म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, तसंच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)