दोन रविवारांचे मतदान

आमच्या महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या वर्गावर मी दर वर्षी एक लहानसा प्रयोग करतो. फळ्यावर सोळा उमेदवारांची थोडीथोडी माहिती लिहितो. नावे लिहीत नाही, नुसते क्रमांक. हा कामगारांची बाजू घेतो, हा नद्या आणि रानं राखा म्हणतो, हा शिकाऱ्यांचा आणि खेड्यांचा कैवार घेतो, हा परदेशातून आलेल्यांना परत पाठवा म्हणतो, अशी. मुलांनी आपापल्या मनाने चिठ्ठ्या टाकायच्या. पहिले दोघे येतील त्यांच्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा मतदान. एका वर्षी चिठ्ठ्या मोजून झाल्या तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. रोज तासभर एस.टी.चा प्रवास करून येणारी, एरवी फारशी न बोलणारी. म्हणाली, "सर, मला जो पटला त्याला मी मत दिलं. आणि ज्याची मला धास्ती वाटते तोच पुढं आला. यात माझं चुकलं काय?"

प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. 21 एप्रिल 2002 च्या रात्री फ्रान्समधल्या लाखो घरांत नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि माझ्या फळ्यावरचे सोळा उमेदवार त्याच निवडणुकीतले आहेत. आज त्या निवडणुकीविषयीच बोलावे असे मी ठरविले आहे.

आधी एक खुलासा केला पाहिजे. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष आपल्या राष्ट्रपतींसारखा नसतो. सैन्य त्याच्या हाताखाली असते, पंतप्रधानाची नेमणूक तो करतो, आपल्या लोकसभेसारखे जे सभागृह आहे ते बरखास्त करण्याचा अधिकार त्याला असतो. 1958 साली जनरल द गॉल यांनी ही राज्यघटना देशाला दिली तेव्हा अध्यक्षाची निवड सुमारे ऐंशी हजार निर्वाचित प्रतिनिधी करीत. सामान्य माणसाचा तिथे हात पोचत नसे. ऑगस्ट 1962 मध्ये पॅरिसजवळ द गॉल यांच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते बचावले, आणि दोनच महिन्यांनी त्यांनी लोकांपुढे सवाल टाकला की अध्यक्ष थेट जनतेने निवडावा काय? शंभरांतल्या बासष्ट मतांनी होकार दिला. आपल्याकडे सरपंच सदस्यांनी निवडायचा की साऱ्या गावाने, यासाठी 2017, 2020 आणि 2022 असा तीनदा कायदा फिरला, त्यामुळे हा वाद आपल्याला परका वाटू नये.

या निवडणुकीत खेड्यांना एक काम आहे, ते मला फार मोलाचे वाटते. उमेदवाराला उभे राहायचे तर पाचशे लोकप्रतिनिधींच्या सह्या आणाव्या लागतात, आणि त्या एकाच भागातल्या चालत नाहीत, निदान तीस जिल्ह्यांतल्या लागतात. फ्रान्समध्ये सुमारे 35 हजार गावे आणि शहरे स्वतःचा कारभार पाहतात. त्यांतल्या कित्येक गावांची वस्ती शंभराच्या आत आहे, तरी तिथल्या गावप्रमुखाच्या सहीचे मोल पॅरिसच्या महापौराच्या सहीइतकेच. त्यामुळे निवडणुकीच्या आधी उमेदवारांची माणसे आडगावच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतात. गावप्रमुख म्हणतो, मी सही दिली म्हणजे पाठिंबा दिला असे नव्हे; गाव म्हणते, मग दिलीस कशाला? 1981 साली जाँ-मारी ल पेन यांना या पाचशे सह्या जमल्या नाहीत, म्हणून ते उभेच राहू शकले नाहीत. हे नाव ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

मतदान रविवारी होते. आपल्याकडे मतपत्रिकेवर चिन्ह असते, बटन असते. तिथे चिन्ह नाही. प्रत्येक उमेदवाराच्या नावाची वेगळी छापील चिठ्ठी टेबलावर गठ्ठ्याने मांडलेली असते. मतदार त्यातल्या काही उचलतो आणि एक लिफाफा घेतो. एकच चिठ्ठी उचलली तर बघणाऱ्याला मन कळेल, म्हणून दोन-चार तरी उचलायच्या. पडद्याआड जाऊन हवी ती लिफाफ्यात घालायची आणि पारदर्शक पेटीत टाकायची. पेटीजवळचा अधिकारी मोठ्याने सांगतो, "मत दिले!" संध्याकाळी त्याच खोलीत मोजणी होते, आणि मोजायला बसतात ते बव्हंशी गावातलेच मतदार. ज्याला बघायचे त्याने जवळ उभे राहून बघावे. रात्री आठ वाजता निकालाचा अंदाज दूरचित्रवाणीवर येतो.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या फेरीत निम्म्याहून अधिक मते कुणाला मिळाली नाहीत तर फक्त पहिले दोघे राहतात आणि चौदा दिवसांनी पुन्हा मतदान होते. 1965 ते 2022 या काळात पहिल्याच फेरीत अशी मते कुणालाही मिळालेली नाहीत, खुद्द द गॉल यांनाही नाहीत. फ्रेंच माणसे म्हणतात, पहिल्या रविवारी निवडायचे आणि दुसऱ्या रविवारी काढून टाकायचे. ऐकायला हे सोपे वाटते. पण दुसऱ्या रविवारी कोण दोघे समोर असतील हे पहिल्या रविवारी ठरते, आणि तिथेच 2002 साली घात झाला.

त्या वेळी अध्यक्ष होते जाक शिराक, उजव्या बाजूचे. पंतप्रधान होते लिओनेल जॉस्पँ, समाजवादी. दुसऱ्या फेरीत हेच दोघे येणार आणि झुंज अटीतटीची होणार, असे वर्तमानपत्रे आणि मतचाचण्या महिनोन्‌महिने सांगत होत्या. लोकांनाही ते ठरल्यासारखेच वाटू लागले. मग पहिला रविवार म्हणजे जणू हौसेचा दिवस झाला. जॉस्पँ यांच्या सरकारात बसलेल्या मित्रपक्षांनीसुद्धा आपापला वेगळा उमेदवार उभा केला. कम्युनिस्टांचा वेगळा, हरित पक्षाचा वेगळा. त्यांच्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले शेव्हनमाँ वेगळे. फ्रेंच गयानाच्या क्रिस्तियान तोबिरा वेगळ्या. अध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णी स्त्री. मतदारांनी विचार केला असेल की आज मनातला माणूस निवडू, दोन आठवड्यांनी जॉस्पँ आहेतच. शंभरांतले अठ्ठावीस तर घराबाहेरच पडले नाहीत.

रात्री आठ वाजता पडद्यावर दोन चेहरे झळकले, शिराक आणि ल पेन. शिराक यांना 19.88 टक्के, ल पेन यांना 16.86, जॉस्पँ यांना 16.18. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकांत अंतर किती? चार कोटींहून अधिक मतदारांच्या देशात 1 लाख 94 हजार 600 मते. तोबिरा यांना एकट्यांना 6 लाख 60 हजार मिळाली होती, शेव्हनमाँ यांना 15 लाख. त्याच रात्री जॉस्पँ यांनी राजकारणातून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले.

ही लाखो माणसे दोषी का? माझे मत असे आहे की पहिला दोष पुढाऱ्यांचा. पाच वर्षे एका पंगतीला जेवायचे आणि निवडणूक आली की प्रत्येकाने वेगळी चूल मांडायची, हा त्यांचा व्यवहार. दुसरा दोष, न झालेला निकाल झाल्यासारखा छापणाऱ्यांचा. पण मतदाराला मी अगदीच मोकळा सोडणार नाही. पीक हाती येण्याआधी त्याचा हिशेब मांडू नये हे कुठलाही शेतकरी जाणतो.

दुसऱ्या फेरीचे दोन आठवडे मात्र पाहण्यासारखे झाले. 1 मेला देशभर मिळून दहा लाखांहून अधिक माणसे रस्त्यावर उतरली. ज्यांनी जन्मभर शिराक यांना विरोध केला, ज्यांना ते भ्रष्ट वाटत होते, ते आता त्यांच्याच नावाची चिठ्ठी टाकायला निघाले. काहींनी ठरविले की नाकाला कपड्यांचा चिमटा लावून मत द्यायला जायचे, म्हणजे वास सहन करतो आहोत हे जगाला कळेल. अधिकाऱ्यांनी समज दिली की असे करू नका, त्याने मतदानाची गुप्तता मोडते. 5 मे रोजी शिराक यांना 82 टक्के मते पडली. ल पेन यांना सुमारे 18 टक्के, म्हणजे आधीपेक्षा थोडीच जास्त. हे 82 टक्के प्रेमाचे नव्हते, आणि शिराक यांनाही ते ठाऊक असणार.

सगळ्याच वेळी लोक असे वळतात असे नाही. 1969 च्या जूनमध्ये डाव्यांची मते अशीच चौघांत फुटली आणि दुसऱ्या फेरीत पाँपिदू आणि पोएर हे दोघे उजवीकडचे आणि मधले तेवढे राहिले. कम्युनिस्ट उमेदवार द्युक्लो जेमतेम दोन टक्क्यांनी मागे पडले होते. ते आपल्या लोकांना म्हणाले, पांढरी टोपी काय आणि टोपी पांढरी काय, एकच! शंभरांतले एकतीस मतदार त्या दिवशी घरी बसले.

योगायोग असा, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. वराहगिरी वेंकट गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. आपल्याकडे आमदार-खासदार एकाच कागदावर पहिली पसंती, दुसरी पसंती असे आकडे लिहितात. पहिल्या मोजणीत गिरींना निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत. मग देशमुखांच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंती मोजल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक रेड्डींकडे गेल्या, तरी आघाडी मोठी होती म्हणून गिरी निवडून आले. म्हणजे आपण एका दिवसात जे उरकतो त्याला फ्रेंच लोक चौदा दिवस घेतात. खर्च दुप्पट, दगदग दुप्पट. पण आपल्या मतदाराने दुसरी पसंती लिहिताना पहिल्या मोजणीचा निकाल त्याला ठाऊक नसतो. फ्रेंच मतदाराला तो ठाऊक असतो, आणि त्यावर दोन आठवडे घरात, बाजारात, खानावळीत वाद घालता येतो. मला विचाराल तर तो खर्च वाया जात नाही.

अलीकडे एक निराळाच कल दिसतो. 2017 मध्ये माक्राँ आणि ल पेन यांच्या कन्या मारीन यांच्यात दुसरी फेरी झाली, तेव्हा कोऱ्या आणि बाद चिठ्ठ्या मिळून 40 लाखांवर गेल्या. माणसे रांगेत उभी राहिली आणि रिकामा लिफाफा टाकून आली. 2022 मध्ये पुन्हा तेच दोघे समोर. तेव्हा मारीन ल पेन यांना 41 टक्क्यांहून अधिक मते पडली. वडिलांच्या 18 टक्क्यांशी ताडून पाहावे. कोरी चिठ्ठी टाकणाऱ्याचा राग मला समजतो. आपल्याकडे 2013 पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटन त्यासाठीच आहे. पण दोघांतला एक अध्यक्ष होणारच असताना कोरी चिठ्ठी म्हणजे निवड शेजाऱ्यावर सोपविणे होय, असे मला वाटते.

हे सारे फार लांबचे वाटत असेल, तर एक सांगतो. यातले काही मतदार आपल्याच देशात राहतात. पुदुच्चेरी 1954 साली भारताच्या ताब्यात आली आणि 1962 साली रीतसर सामील झाली. त्या वेळी ज्यांनी फ्रेंच नागरिकत्व राखले त्यांची मुलेनातवंडे आजही तिथे मत देतात. घरी तमिळ बोलणारी ही माणसे त्या रविवारी पॅरिससारखीच छापील चिठ्ठी लिफाफ्यात घालतात.

त्या मुलीला मी काय सांगितले? म्हटले, तुझे चुकले असे नाही, पण तू एकच प्रश्न विचारलास. मला कोण पटतो, एवढाच. दुसराही विचारायला हवा होता: माझ्या माणसाला आज वर यायची आशा आहे का, आणि नसेल तर जो कोण वर येऊ शकतो त्यांत मला चालण्यासारखा कोण? पटणारा आणि चालणारा यांच्यात अंतर थोडे असेल तर चालणाऱ्याला दे. अंतर फार असेल तर खुशाल मनातल्याला दे, पण दुसऱ्या दिवशी येऊन दुसरी चिठ्ठीही टाक. ती म्हणाली, "म्हणजे शेवटी हिशेबच." मी म्हटले, हिशेबही.

दुसऱ्या दिवशी वर्गात दुसरी फेरी झाली. एकोणपन्नास चिठ्ठ्या पडल्या, त्यांत तीन कोऱ्या निघाल्या. तिच्या त्यांत होती की नव्हती, ते मी विचारले नाही.