सायकलीवरून अंबाजोगाई

डोंगरासाठी घडविलेली जाड टायरांची सायकल मांजरेच्या सपाट खोऱ्यात कशाला, असे नांदूरघाटात मला पुष्कळांनी विचारले. उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे. पाऊस पडला की ती मडगार्डात अशी ठासून बसते की चाक फिरेनासे होते. या सायकलीत चाकाभोवती मोकळी जागा असते. गिअरांचे कौतुक मागाहून!

तेव्हा पाणंदीने केज गाठावे, पुढे अंबाजोगाई. मोटारीने येणारे योगेश्वरीचे दर्शन घेऊन लगेच परततात. मुकुंदराजांची समाधी राहून जाते. 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा मानतात. दासोपंतांनी (१५५१–१६१५) ज्या पासोडीवर ग्रंथ लिहिला, ते कापड जीर्ण झाले आहे. फार दिवस थांबू नये. समाधी दरीत आहे. उतरण्याआधी ब्रेक तपासावेत.