तुंबाडचा उपाशी हस्तर



दोन शब्द बोला म्हणून सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि बोलायचे ते भुताच्या सिनेमावर! वर्धापनदिनाला भूत कशाला, असे एकीने म्हटलेही. तरी पण धीर करून उभी राहिले आहे.

सिनेमाचे नाव 'तुंबाड'. तो २०१८ साली निघाला. भाषा हिंदी, पण वाडा, चूल, लुगडी सारे आपल्याकडचे. राही अनिल बर्वे यांनी तो केला. नारायण धारपांच्या भयकथांचा त्याला आधार आहे, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतले आहे. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच सिनेमाने झाली. आपल्याकडे मात्र तो तेव्हा आला कधी नि गेला कधी, कळलेही नाही. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. त्या वेळी भाचीबरोबर लोकलने कल्याणला जाऊन मी तो पाहिला.

विलायतेतला ड्रॅक्युला माणसाचे रक्त पितो. आपला हा हस्तर रक्ताचा नव्हे, पिठाचा भुकेला! देवीचे पहिले लेकरू. सोने सगळे बळकावले, मग धान्याला हात घालायला गेला, तेव्हा इतर देवांनी त्याला मारले. आईने पोटात घेऊन वाचवला. सोने मिळाले, अन्न नाही. कणकेची बाहुली दिसली की तो झेपावतो, आणि पिठाचे रिंगण मात्र त्याला ओलांडता येत नाही. बायांनो, रोज परात घेऊन बसणाऱ्या आपण. मला तर त्याची भीती वाटण्याऐवजी कणवच आली.

आणि पाऊस! चार पावसाळे लागले म्हणे चित्रीकरणाला. भातसेला पूर आला की आपल्याकडे अंधारून येते ना, तसाच तो करडा, ओला उजेड. पंकज कुमार यांना या छायाचित्रणाबद्दल फिल्मफेअर मिळाले. अर्धा सिनेमा ओल्या भिंतीच बघत बसावे असे वाटते. (भाची म्हणाली, मावशी, तू घाबरतेस का रंग बघतेस?)

गोष्ट १९१८ पासून १९४७ पर्यंतची. विनायक लहानपणी आईबरोबर तुंबाड सोडतो. परत येणार नाही, असे आई त्याच्याकडून वदवून घेते. मोठा होऊन तो परत जातोच. हस्तरच्या लंगोटातल्या मोहरा चारदोन करून आणतो, उडवतो, पुन्हा जातो. पुढे आपल्या पोराला, पायाने अधू असलेल्या पांडुरंगाला, तेच शिकवतो. बाप लेकराला घास भरवायला शिकवतो तसे चोरायला शिकवतो, ते पाहताना माझ्या पोटात कालवले. सोहम शाह यांनी विनायक केला आहे. त्याचा चेहरा वाईट माणसाचा वाटतच नाही, तीच खरी भीती.

शेवट सांगत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पाहावा. लहान मुलांना मात्र नेऊ नये.

आता एक घरचे सांगते, यांच्या परवानगीने. आमचा रस्त्याकडेचा एक तुकडा आम्ही विकला. पैसा आला तेव्हा मीही हसले. पाटल्या केल्या, फ्रिज आणला. दोन वर्षांत पैसा कुठे गेला ते वहीत लिहिलेले आहे, पण वाचवत नाही. मागच्या दिवाळीत मुलगा जेवताना म्हणाला, "आई, ओढ्याकाठचा तुकडा अजून आहे ना?" मी भाकरी थापत होते. हात पिठात तसाच राहिला. मला एकदम तो पांडुरंग आठवला.

मी म्हटले, आहे. तिथे या खेपेला नाचणी लावायची आहे.

तो काही बोलला नाही. पावसाळ्यात मात्र आवणीला आला, दोन दिवस.