वाळू इथली, किनारा तिकडचा



  अभियंत्यांच्या संमेलनात अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. पण रस्ते, जलसंधारण, सौर पंप यांवरचे निबंध तुम्ही सकाळपासून ऐकलेत. ते छापून येतील, तेव्हा वाचा. मला एकाच विषयावर बोलायचं आहे आणि त्यासाठी मी निवृत्तीची वाट पाहत होतो.

सागरी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत मला विचारलं गेलं होतं, "बीड जिल्ह्यात समुद्र कुठे आहे हो?" समिती हसली. प्रवेश मिळाला, पण ते हसणं मी विसरलो नाही. त्याहून वाईट म्हणजे पुढे असाच प्रश्न आपल्याच माणसांनी विचारला. आजही इथला सिव्हिलचा मुलगा सागरी अभियांत्रिकीचं नाव काढतो, तेव्हा मामापासून मास्तरांपर्यंत सगळे विचारतात, "पोहता येतं का तुला?" यंत्रं शिकणाऱ्याला कुणी विचारतं का, की तू लोखंड वितळवतोस का?

देशातल्या कितीतरी बंदरांचा अभ्यास कुठे झाला, सांगतो. खडकवासल्याला! केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून काम करतं आहे आणि ते आहे सह्याद्रीच्या अलीकडे, धरणाच्या शेजारी. तिथे हौदात बंदराची प्रतिकृती बांधतात आणि यंत्राने लाटा उठवतात. प्रतिकृती सर्व बाजूंनी शंभरपट लहान केली की तिच्यातला काळ दहापट वेगाने धावतो. समुद्रात सुमारे साडेबारा तास घेणारं भरती-ओहोटीचं चक्र तिथे सव्वा तासात उरकतं. समुद्र समजून घ्यायला समुद्राकाठीच जन्मावं लागतं, हे म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं.

आता वाळू. हा विषय आपल्या गेवराई तालुक्याला शिकवायची गरज नाही. राक्षसभुवनला गोदावरीच्या पात्रातून रात्री हायवा भरून काय जातं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण नदीची वाळू हेच किनाऱ्याचं भांडवल, हे आपण त्याला सांगत नाही. धरणांनी गाळ अडवला की मुखाशी तो कमी पडतो आणि लाटा किनारा खातात. आंध्रात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात हेच घडलं आहे. संशोधकांनी जुने नकाशे आणि उपग्रहचित्रं ताडून ते दाखवून दिलं. गेवराईची वाळू थेट तिथे पोचते असा माझा दावा नाही, वाटेत श्रीरामसागर धरण आहे. पण ही नदी एकच आहे, आणि तिच्या गाळाचं गणितही एकच.

वाळूची ही ओळख मला नोकरीतही कामी आली. कोकणातल्या एका छोट्या धक्क्याशी दरवर्षी गाळ साचायचा. तो समुद्राकडून येतो की खाडीतून, यावर आमच्यात खूप वाद झाला. किनाऱ्यावर जन्मलेले दोन सहकारी छातीठोकपणे म्हणत होते, "समुद्राचीच वाळू." मी ओंजळभर वाळू घेतली, धुतली, चाळली. दाणे टोकदार, लहानमोठे मिसळलेले, शिंपल्याचा चुरा जवळजवळ नाही. पुळणीची वाळू घासून गोल झालेली असते, बरीचशी एका मापाची असते. ही तर सरळ नदीची! पुढच्या मोजणीत तेच निघालं. घरी बांधकामावर चाळणी हलवत वाढलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाचा दाखला लागला नाही.

मघाशी इथे वाद रंगला, एम.टेक. करावं की एमपीएससी. माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पुण्याच्या अभ्यासिकांत आपली हुशार पोरं तिशी गाठतात आणि बाप म्हणतो, "अजून एक अटेम्प्ट." उलट गेटची प्रवेशपरीक्षा पास होऊन आयआयटीत गेलेल्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. कुणी म्हणतं, सागरी अभियांत्रिकीसाठी आयआयटी मद्रासला जायचं तर चेन्नई लांब आहे. कोयता घेऊन कर्नाटकातल्या उसाच्या फडावर जाणाऱ्या जिल्ह्याने हे म्हणावं?

आणि काम? वाढवणला २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींचं बंदर मंजूर केलं. १०.१४ किलोमीटरची लाटरोधक भिंत, १,४४८ हेक्टर भराव. मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांची धास्ती खोटी नाही. त्या भिंतीमुळे शेजारच्या किनाऱ्याची वाळू कुठे सरकेल, याचा हिशेब मांडायला आपलं कुणी तिथे असेल का? आणि काम बंदरांपुरतंच नाही. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ पासून समुद्राच्या वरच्या गरम आणि खोलच्या थंड पाण्यातल्या तापमानाच्या फरकावर गोडं पाणी केलं जातं. रोज एक लाख लिटर म्हणजे आपले दहा हजारी दहा टँकर. टँकरची किंमत कळणारा इंजिनिअर अशा ठिकाणी हवा, असं मला वाटतं.

आपण काय करायचं? सागरी अभियांत्रिकीच्या माहितीचं एक पत्रक काढू. इथल्या एखाद्या कॉलेजात लाटांचा छोटा हौद उभा करू, जागेचं आणि पैशाचं पुढे बघता येईल. पुढच्या वर्षी खडकवासल्याला सहल न्यावी असंही मनात आहे.

आयआयटी मद्रासला सागरी अभियांत्रिकीसाठी सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या गेटवरही जाता येतं. २०२२ पासून नौकाबांधणी आणि सागरी अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपरही आहे. परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज त्याआधी काही महिने निघतात. ज्यांच्या घरी शेवटच्या वर्षाची मुलगी किंवा मुलगा आहे त्यांनी जेवणानंतर मला भेटावं. मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे.