पद्मिनीच्या डिकीचें अस्तर

भांडुपहून लालबहादूर शास्त्री मार्गानें दक्षिणेस निघालें कीं घाटकोपरापुढें कुर्ला लागतो. वडीलधारी मंडळी या रस्त्यास अजून आग्रा रोडच म्हणतात. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीचा मोटारींचा कारखाना याच रस्त्यावर होता. तेथून १९६४ सालीं 'फियाट ११०० डिलाइट' बाहेर पडली. १९७२ सालीं तीच 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. नांवें बदललीं, सांगाडा फारसा बदलला नाहीं.

आतां या गाड्या हौसेनें जतन करणारे लोक डिकीला आंतून प्लायवूडचें अस्तर करवून घेतात. एका पद्मिनीवरून नमुना कापावा आणि तोच डिलाइटला बसवावा, असा मोह साहजिकच होतो. भूमितीच्या भाषेंत या बहिणी एकरूप खऱ्या. पण ती एकरूपता कारखान्याच्या दारापर्यंतच. पुढें कोणाचें मडगार्ड ठोकून सरळ केलेलें असतें, कोणाच्या तळाला पत्र्याचें ठिगळ असतें. गाडी पूर्वाश्रमीची टॅक्सी असेल तर पाहावयासच नको! वायूची टांकी डिकींत बसवीत, म्हणूनच उतारूची ट्रंक टपावरच्या कॅरिअरवर चढे. २०२३ च्या ऑक्टोबरांत शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. परंतु अशा गाडींत टांकीच्या पट्ट्यांचीं भोकें राहून जातात.

अशा वेळीं अस्तर अडलें कीं कांहीं कारागीर हातोडा उचलतात आणि पत्र्याची कड वांकवितात. हें मला मुळींच मान्य नाहीं. प्लायवूड बाजारांत उद्यां पुन्हां मिळेल; कुर्ल्याचा पत्रा मिळणार नाहीं. छाटावयाचें तें अस्तर.

म्हणून दुसऱ्या गाडीचा नमुना केवळ अंदाजास घ्यावा. आपल्या डिकींत प्रथम जुनें वर्तमानपत्र दाबून कडा उमटवाव्या, मग पुठ्ठा कापावा, आणि तो दोनतीनदां बसवून पाहिल्यावरच लांकडास करवत लावावी. डाव्या बाजूचा पुठ्ठा उलटा केला कीं उजवीकडे बसेल, असेंही गृहीत धरूं नये. रेक्झिन कडेवरून आंत दुमडावें लागतें. त्याच्या जाडीपुरती जागा चोहोंकडे सोडावी, नाहींतर बेतानें कापलेली फळी ऐन वेळीं अडकते.

आणखी एक. तळाची फळी स्क्रूनें जखडूं नये, नुसती ठेवावी. आपल्याकडील पावसांत डिकीच्या रबरांतून पाणी झिरपतें, आणि नव्या रेक्झिनखालीं गंज निवांत वाढतो. श्रावणांत आठवड्यास एकदां फळी उचलून खालीं हात फिरवावा. ओल लागली तर ऊन पडेपर्यंत ती घरांतच उभी करून ठेवावी.