अडलेल्या अक्षरापाशी

साधा बी. ए. झालेला कवी पेशींवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण विषय नक्कल उतरवण्याचा आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावला, उर्दू छपाई संगणकावर जाईपर्यंत हे काम कातिब हातानं करत. शब्द पुसट असला की चांगला कातिब मूळ लेखकाला विचारे. पेशीला विचारायला कुणी नसतं.

पेशीच्या दोन पेशी होण्याआधी डीएनएची संपूर्ण नक्कल व्हावी लागते. सुमारे तीनशे कोटी अक्षरांची पोथी; आईकडची एक, बापाकडची एक. मुख्य लेखनिक काटेकोर. लिहितो, तपासतो, चुकलं तर खोडतो. पण निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या बाईच्या कातडीत उन्हातले अतिनील किरण शेजारशेजारची दोन 'टी' अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. बहुतेक डाग दुरुस्त होतात, काही राहतात. तिथं हा लेखनिक थबकतो. आणि नक्कल अर्धवट राहिली तर ते पेशीच्या जिवावर बेततं.

मग थबकल्या जागी एक रासायनिक खूण लागते आणि दुसरा लेखनिक येतो, पॉलिमरेज ईटा. हा तसा गबाळा. स्वच्छ मजकुरात त्याच्या चुका कितीतरी जास्त, तपासणं तर स्वभावातच नाही. पण त्या चिकटलेल्या जोडीसमोर तो बहुधा दोन 'ए' लिहितो, नेमकी हवी तीच, आणि थोडं पुढं जाऊन लेखणी परत देतो. मला हा गडी फार आवडला.

१९९९ मध्ये जपानात फुमिओ हानाओका यांच्या आणि अमेरिकेत टेक्सासमध्ये लुईस व सत्य प्रकाश यांच्या गटानं दाखवलं, की झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आजाराच्या एका प्रकारात नेमका हाच लेखनिक निकामी असतो. त्याच्या जागी येणारे चुकतात, आणि उन्हाला उघड्या कातडीवर लवकरच्या वयात कर्करोग उठतात.

आजार दुर्मिळ आहे. आई-बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच तो होतो. नात्यातल्या लग्नात ही गाठ पडण्याची शक्यता वाढते. आमच्याकडे चुलत-मावस भावंडांत लग्नं होतात, तुमच्यापैकी अनेकांकडे मामाची मुलगी करतात. मुलगी घरातच राहते, हे खरं. तरी घराण्यात असा आजार असेल तर सुपारी फोडण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आजाराच्या इतर प्रकारांत दोन वर्षांच्या आतच बाळाच्या तोंडावर ठिपके उठतात. तेव्हा दृष्ट काढत बसू नका, कातडीच्या डॉक्टरांकडे न्या. अशा मुलाला खिडकीतलं ऊनही नको. पूर्ण बाह्या, टोपी, मलम, आणि खेळायचं ते दिवेलागणीनंतर.